मुलगा सव्वाचार वर्षांचा, बोलत नाही, सर्टिफिकेटसाठी पाच वर्षांपर्यंत थांबायचं का?

ताई, तुमचा सगळा मजकूर दोनदा वाचला. मुलगा सव्वाचार वर्षांचा, चालायला दोन वर्षांचा झाल्यावर लागला, अजून चार-पाचच शब्द, धुळ्याच्या बालरोगतज्ज्ञांनी कागदावर ग्लोबल डेव्हलपमेंटल डिले (म्हणजे चालणं, बोलणं, समजणं अशी सगळीच वाढ मागे) असं लिहून दिलंय, शिबिरात कुणीतरी सांगितलं की पाच वर्षं पूर्ण झाल्याशिवाय अपंगत्वाचा दाखला मिळत नाही, सासूबाईंना तो दाखलाच नकोय, मालक धुळ्याला एमआयडीसीत चौदा हजारावर, गाव पारोळ्याजवळ, आणि एका नातेवाइकाने सांगितलंय की मुंबईला न्या. मी विशेष शिक्षिका आहे, जळगाव-धुळे पट्ट्यात बरीच वर्षं अशाच मुलांसोबत आणि त्यांच्या आयांसोबत बोर्डाच्या, म्हणजे अपंगत्व तपासणाऱ्या सरकारी डॉक्टरांच्या, रांगेत उभी राहिलेय, त्यामुळे जे सांगते ते त्या रांगेतलं आहे. तुमच्या प्रश्नांच्या क्रमाने नाही सांगत, जे आधी करायला पाहिजे ते आधी.

पाच वर्षांपर्यंत थांबायचं नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, आणि त्याखाली जानेवारी २०१८ मध्ये केंद्र सरकारने राजपत्रात तपासणीच्या गाइडलाइन काढल्या, त्यात बौद्धिक अक्षमतेच्या भागात सरळ लिहिलंय की मूल एक वर्षाचं पूर्ण झालं की सर्टिफिकेट देता येतं. एक ते पाच वर्षांपर्यंत निदान ग्लोबल डेव्हलपमेंटल डिले असं लिहायचं, पाचच्या पुढे बौद्धिक अक्षमता असं. फरक एवढाच की लहान वयातलं सर्टिफिकेट तात्पुरतं असतं, जास्तीत जास्त तीन वर्षं किंवा मूल पाचचं होईपर्यंत, जे आधी येईल ते. मग पाचव्या वर्षी परत तपासणी, दहाव्या वर्षी परत, अठराव्या वर्षी परत, आणि अठराव्याचं कायमचं. म्हणजे "पाच वर्षांनी या" हे अर्धंच खरं आहे, पाचला परत यायचंच आहे पण त्याआधी येऊ नका असं कुठेही लिहिलेलं नाही.

आता तुम्ही म्हणाल की सव्वाचार झालेच आहेत, नऊ महिन्यांसाठी कशाला एवढा कुटाणा. कुटाणा यासाठी की एकदा यूडीआयडीचा, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्राचा, नंबर पडला की पुढची तपासणी त्याच नंबरावर होते, विम्याचा फॉर्म भरता येतो, शाळेत घालताना कागद हातात असतो. आणि अर्ज ते कार्ड यात महिने जातातच, नवीन नियमांत दवाखान्याला तीन महिन्यांची मुदत दिलेली आहे. आज भरलात तर आज घड्याळ सुरू.

अर्ज सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर होतो, मोबाइलवरनं पण होतो, पण बहुतेक जण सेतूवर नाहीतर सायबरवाल्याकडे जातात आणि तिथेच पहिली माती खाल्ली जाते. फॉर्ममध्ये अपंगत्वाचा प्रकार निवडायचा असतो, एकूण एकवीस प्रकार आहेत, आणि त्यात "बौद्धिक अक्षमता" वेगळी आणि "मानसिक आजार" वेगळा. सायबरवाल्या भाऊंना फरक माहीत नसतो, गर्दीत ते मानसिक आजारावर टिकमार्क करून मोकळे होतात. मग तुम्हाला स्लिपवर दुसरंच बोर्ड, दुसराच दिवस, तिथे डॉक्टर म्हणतात हा आमचा पेशंट नाही, आणि एवढं करून जर चुकीच्याच प्रकाराचं कार्ड हातात आलं तर निरामय हा सरकारी आरोग्य विमा मिळत नाही कारण तो मानसिक आजाराला नाहीच आहे. तर स्क्रीनकडे स्वतः बघा, वाचून घ्या, मग सबमिट म्हणा. मुलाला ऑटिझम आहे असं पुढे निघालं तर तो पण वेगळा प्रकार आहे, त्याची चाचणी वेगळी, पण तुमच्या कागदावर आत्ता जे लिहिलंय त्याप्रमाणे बौद्धिक अक्षमताच.

नावाचं पण बघा. जन्माच्या दाखल्यावर एक, आधारवर एक, आणि घरात तिसरंच, हे आपल्याकडे सर्रास. मधलं नाव, आडनावाचं स्पेलिंग, सगळं आधार आणि जन्मदाखला यांच्यात जुळलं पाहिजे, नसेल तर आधी ते नीट करा. लहान मुलाचं निळं आधार असतं त्यावर बोटांचे ठसे नसतात, पाच वर्षांनी ते अपडेट करावं लागतं, ते पण डोक्यात ठेवा. आणि मोबाइल नंबर असा द्या जो दोन वर्षांनीही चालू असेल. नंदुरबारकडच्या, अक्कलकुवा-धडगावच्या कुटुंबांचं मी हेच बघते, ऊसतोडीला नाहीतर वीटभट्टीला गुजरातला गेले, सिम बंद, बोर्डाच्या तारखेचा मेसेज आला तो कुणालाच मिळाला नाही. दोन वर्षं अर्जावर काही हालचाल झाली नाही तर अर्ज रद्द होतो असा नियम आता आहे.

पारोळ्याच्या लोकांचा कायमचा प्रश्न, धुळं जवळ पण जिल्हा जळगाव. थेरपी धुळ्याला चालू ठेवायला काहीच हरकत नाही. सर्टिफिकेटसाठी मात्र आधारवर जो जिल्हा आहे तो, म्हणजे जळगाव, हा सरळ रस्ता. नियमात असंही आहे की ज्या सरकारी दवाखान्यात उपचार चालू आहेत तिथेही अर्ज करता येतो, पण तुमचे उपचार प्रायव्हेटला आहेत, म्हणून जळगावच धरा.

बोर्डाला जायच्या आधी एक तपासणी करून घ्या, कानाची. जे मूल बोलत नाही त्याला ऐकू येतं का हे कुणीतरी यंत्रावर बघितलेलं पाहिजे, घरी थाळी वाजवून नाही. बेरा टेस्ट म्हणतात, मूल झोपलेलं असताना करतात, म्हणून आदल्या रात्री उशिरा झोपवून सकाळी लवकर उठवून न्यायचं म्हणजे तिथे झोपतं. हा रिपोर्ट नसेल तर बोर्डातून परत पाठवलं जाण्याची शक्यता दाट, आणि खरं सांगायचं तर बोर्डासाठी नाही, मुलासाठीच पाहिजे, कारण ऐकण्याचा दोष निघाला तर सगळा उपचारच बदलतो. झटके येत असतील तर ईईजी (मेंदूची तपासणी) आणि गोळ्यांची चिठ्ठी, जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड (काचेच्या पेटीत ठेवलं होतं का, रडला उशिरा का, कावीळ किती होती), लसीकरणाचं कार्ड, हे सगळं एका फाइलमध्ये. सगळ्याच्या दोन दोन झेरॉक्स.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, आणि ह्याच्यावर कुणी बोलत नाही. टक्केवारी कशी ठरते.

लोकांना वाटतं डॉक्टर मुलाला तपासून टक्के लिहितात, हाडाच्या अपंगत्वासारखं. आपल्या मुलांचं तसं नाही. मुलाची चाचणी घेतात, हो, पण टक्के ज्या स्केलवर लिहितात तिचं नाव व्हीएसएमएस, म्हणजे व्हाइनलँडची सामाजिक परिपक्वतेची चाचणी, नागपूरच्या डॉ. मालिन यांनी ती आपल्याकडच्या मुलांसाठी बसवली. त्यात ८९ मुद्दे आहेत, जेवणं, कपडे घालणं, स्वतःचं स्वतः करणं, बोलणं, फिरणं, लोकांत मिसळणं असे आठ भाग, आणि यातले बहुतेक प्रश्न सायकॉलॉजिस्ट मुलाला विचारत नाहीत, तुम्हाला विचारतात. म्हणजे टक्के तुमच्या तोंडातून निघतात.

आणि आई तिथे काय सांगते? "जेवतो का हाताने?" "हो जेवतो." "शी-शू सांगतो?" "सांगतो." "कपडे?" "घालतो." कारण समोर कोट घातलेला माणूस बसलाय, मागे रांग आहे, शेजारी नवरा आहे, आणि आपलं पोरगं अगदीच काही येत नसलेलं आहे असं चार लोकांत बोलायला कोणत्या आईची जीभ वळेल? शिवाय प्रेमाने खरंच तसं वाटतं. माझ्याकडे आलेल्या एका आजी तर बोर्डाच्या टेबलावर ठासून सांगत होत्या, "त्याले समदं समजस, फक्त बोलस नई, आज नई ते सकाय बोली." आजी खोटं बोलत नव्हत्या. पण जेवतो म्हणजे काय, तर वरण-भात कालवून आईने घास करून ताटात ठेवले की तो उचलून तोंडात घालतो. शू सांगतो म्हणजे काय, तर आई दर दोन तासांनी नेते म्हणून चड्डी ओली होत नाही. कपडे घालतो म्हणजे आईने शर्टात हात घातला की तो दुसरा हात पुढे करतो. हे सगळं आई करतेय, पण इतकी वर्षं करतेय की ती करतेय हे तिलाच दिसेनासं झालंय.

हिशोब करून दाखवते म्हणजे पटेल. तुमचा मुलगा सव्वाचार, म्हणजे ५१ महिन्यांचा. समजा नीट विचारून, नीट सांगून त्याचं सामाजिक वय, म्हणजे स्वतःचं स्वतः करण्यात तो किती महिन्यांच्या मुलाइतका आहे ते, २६ महिने निघालं. २६ भागिले ५१ गुणिले १००, म्हणजे ५१. गाइडलाइनमध्ये ३६ ते ५४ ला मध्यम म्हणतात आणि त्याला ७५ टक्के. तेच तुम्ही "जेवतो, सांगतो, घालतो" म्हणत गेलात आणि सामाजिक वय ३७ महिने निघालं, तर आकडा येतो ७२ च्या पुढे, ७० ते ८४ म्हणजे बॉर्डरलाइन, टक्के २५. मूल तेच, दिवस तोच. आणि २५ टक्क्यांवर काही मिळत नाही, कारण जवळपास सगळ्या योजनांचं दार ४० टक्क्यांना उघडतं. मधलं सांगायचं तर ५५ ते ६९ ला सौम्य म्हणतात त्याला ५० टक्के, २१ ते ३५ ला तीव्र, ९० टक्के, आणि २० किंवा त्याखाली अतितीव्र, १०० टक्के.

म्हणून बोर्डाच्या आधी दोन आठवडे एक वही करा. शाळेची शंभर पानी चालेल. रोज सकाळपासून रात्रीपर्यंत त्याने काय केलं हे नाही लिहायचं, त्याच्यासाठी कुणी काय केलं हे लिहायचं. दात कुणी घासले, किती वेळा सांगावं लागलं, घास कुणी केले, पाणी मागितलं की हात धरून माठापर्यंत ओढत नेलं, अंगणातून रस्त्यावर पळाला तर कोण मागे धावलं, शेतात नेलं तर विहिरीच्या काठावर, मोटरच्या वायरजवळ त्याला भीती कळते का की कुणीतरी हात धरूनच ठेवावा लागतो. बाकीची पोरं खेळत असतात तेव्हा तो त्यांच्यात खेळतो की त्यांच्या कडेकडेने फिरतो. रात्री किती वेळा उठतो. जे त्याला येतं ते पण लिहा, मोबाइलवर यूट्यूब उघडून पाहिजे ते गाणं लावतो हे पण लिहा, फक्त त्याच्यावरनं "हुशार आहे" असं स्वतःच ठरवून बाकीचं झाकू नका, अशी कितीतरी मुलं मोबाइलमध्ये तरबेज असतात आणि चप्पल उलटी घालतात. मोबाइलवर दोन-तीन छोटे व्हिडिओ पण काढून ठेवा, जेवतानाचा एक, हाक मारल्यावरचा एक. बोर्डाच्या दिवशी नवीन जागा, गर्दी, मूल एकतर रडून गोंधळ घालतं नाहीतर गपगार बसतं, दोन्ही त्याचं खरं रूप नाही.

वाढवून सांगू नका हे मुद्दाम सांगते, कारण असंही शिकवणारे एजंट दवाखान्याच्या गेटवर उभे असतात, इतके हजार द्या ऐंशी टक्के करून देतो. सर्टिफिकेटला पैसे लागत नाहीत. आणि खोटं करून लाभ घेतला तर कायद्याच्या कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तुमच्या मुलाला खऱ्यावरच मिळतंय, खोट्याची गरजच नाही.

भाषेचं एक. तुमच्या घरात अहिराणी बोलतात असं लिहिलंय. सायकॉलॉजिस्ट पुण्या-नाशिककडचे असले तर ते मुलाला पुस्तकी मराठीत विचारतील, "चेंडू दाखव, नाक कुठे आहे", आणि ज्या मुलाने घरात ती भाषाच ऐकली नाही ते बघत बसेल. हे यावल-रावेरकडच्या लेवा घरांत होतं, पावरा-भिल्ल मुलांचं तर फारच होतं. तिथे तुम्ही सरळ म्हणा, सर, आमच्या घरात अहिराणी आहे, मी विचारू का त्याला? बहुतेक जण हो म्हणतात. म्हणजे जे त्याला खरंच येतं ते दिसतं आणि जे येत नाही ते भाषेमुळे नाही हे पण कळतं. आणि मुलाला घरी अहिराणी सोडून मराठीच बोला असं कुणी सांगितलं असेल तर ते डोक्यातून काढून टाका, घरातली भाषा ही त्याची थेरपीची भाषा आहे.

टक्के कमी आले, पटले नाहीत, तर भांडू नका, अपील करा. कलम ५९ मध्ये सोय आहे, निर्णयापासून ९० दिवसांत लेखी करायचं, ती वही आणि रिपोर्ट सोबत जोडून.

आता मिळतं काय, तेही तुमच्या घरासाठी, कारण यादी वाचून लोक हरखतात आणि मग तहसीलला जाऊन हिरमुसतात. महिन्याला पैसे देणारी जी योजना सगळ्यांच्या तोंडी आहे ती संजय गांधी निराधार. ४० टक्क्यांच्या वर दिव्यांग असेल तर त्यात बसतो, आणि २०२५ च्या ऑक्टोबरपासून राज्याने दिव्यांगांसाठी रक्कम दीड हजाराची अडीच हजार केली. पण घराचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत पाहिजे. तुमच्या मालकांचे चौदा हजार गुणिले बारा म्हणजे एक लाख अडुसष्ट हजार. नाही बसत ताई. कुणी म्हणेल तलाठ्याकडून कमीचा दाखला आणू, पगार बँकेत येतो, पीएफ कापला जातो, नका पडू त्यात. मला स्वतःला ही ५० हजारांची मर्यादा हास्यास्पद वाटते, महिन्याला चार हजार सुद्धा नाहीत, मजुरी करणारं घर पण कागदावर त्यात बसवायला ओढाताण करावी लागते, आणि मूल दिव्यांग असलेल्या घराचा खर्च कुणी मोजतच नाही. पण आहे ते असं आहे. वाचणाऱ्या बाकीच्या ज्यांचं उत्पन्न खरंच तेवढं आहे त्यांनी तहसीलच्या संजय गांधी शाखेत अर्ज करावा, बँक खातं आधारला जोडलेलं ठेवावं आणि दरवर्षी हयातीचा दाखला विसरू नये, तिथेच पैसे बंद पडतात. एकटी आई किंवा एकटा बाप असेल तर महिला व बालविकासच्या बालसंगोपन योजनेचं पण विचारावं, महिना २,२५० आहे.

तुमच्यासाठी पहिलं निरामय. राष्ट्रीय न्यासाचा आरोग्य विमा, वर्षाला एक लाखापर्यंत, बौद्धिक अक्षमता, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांग या चारच प्रकारांना. उत्पन्नाची वरची मर्यादा नाही, आधी वैद्यकीय तपासणी मागत नाहीत, वर्गणी किरकोळ, आणि बाकीचे विमे जे देत नाहीत ते यात आहे, म्हणजे ओपीडी आणि नियमित थेरपी, तिला आतली वेगळी मर्यादा असते पण मिळते. पैसे आधी तुम्ही भरायचे, बिलं लावून परत मिळवायचे, त्यामुळे थेरपीवाल्यांकडून साध्या चिठोऱ्यावर नाही, नाव-तारीख-शिक्क्याचं बिल दर वेळी मागा. राष्ट्रीय न्यासाकडे नोंदणी असलेल्या संस्थेमार्फत फॉर्म भरला जातो, दरवर्षी रिन्यू करावा लागतो आणि लोक नेमके तेच विसरतात.

मालकांच्या पगारातून ईएसआय कापला जातो का बघा, एकवीस हजारांच्या आतल्या पगाराला लागू असतो, मग मुलाचे औषधोपचार तिथून होतील, झटक्यांच्या गोळ्या वर्षानुवर्षं घ्यायच्या असल्या तर हा मोठा आधार आहे. पीएफमध्ये वारस म्हणून मुलाचं नाव आत्ताच घाला, कायमचं पूर्ण अपंगत्व असलेल्या मुलाला पीएफच्या पेन्शनमध्ये वयाची अट नाही, आयुष्यभर मिळते. सरकारी नोकरीतल्यांनी, झेडपीच्या शिक्षकांनी तर सेवापुस्तकात नोंद करून ठेवलीच पाहिजे, आणि विशेष बालसंगोपन रजेचं पण विचारावं. इन्कम टॅक्स भरणाऱ्यांना जुन्या पद्धतीत ८०डीडी खाली ७५ हजार आणि ८० टक्क्यांच्या वर सव्वा लाख वजावट आहे, तुम्हाला सध्या त्याचा उपयोग नाही.

ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. लहान गावात ही रक्कम फार नसते पण मुलाचं नाव त्या यादीत पाहिजे. तोंडी सांगू नका, यूडीआयडीची झेरॉक्स लावून अर्ज द्या आणि पोच घ्या, ग्रामसभेच्या आधी. केंद्राची एडिप योजना आहे, महिन्याला २२,५०० च्या आत उत्पन्न असेल तर साहित्य पूर्ण मोफत, त्यात आपल्या मुलांसाठी शिकण्याच्या साहित्याचा संच मिळतो, तुम्ही त्यात बसता. जिल्ह्याला शिबिर लागतं तेव्हा नाव नोंदवा.

एसटीला ७५ टक्के सवलत आहे, ४० च्या वर दिव्यांगांना, आणि ६५ च्या वर टक्के असतील तर सोबतच्या माणसाला पन्नास टक्के. पण गंमत बघा, तुमचा मुलगा पाच वर्षांपर्यंत तसाही फुकट आणि बायकांना २०२३ पासून तिकीट तसंही अर्धं, म्हणजे आत्ता पारोळा-धुळे तुम्हाला या सवलतीने काहीच फरक पडत नाही. बाप घेऊन जाणार असेल तेव्हा पडेल. रेल्वेचं वेगळं आहे, बौद्धिक अक्षमतेला सोबतीसह स्लीपरला ७५ टक्के, पण त्याला रेल्वेचं वेगळं कार्ड काढावं लागतं, रेल्वेच्या नमुन्यात सरकारी डॉक्टरांची सही लागते, आपल्याकडे ते भुसावळ विभागात येतं. सर्टिफिकेट घेतानाच तो नमुना सोबत न्या.

शाळेचं. आत्ता तो अंगणवाडीत जातो का ते लिहिलं नाही तुम्ही. नसेल तर उद्यापासून पाठवा, ताईंनी "सांभाळायला होत नाही" म्हटलं तर २०२३ मध्ये केंद्राने दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीचा प्रोटोकॉलच काढलाय, त्यांना नाही म्हणता येत नाही, पण नियम दाखवून भांडण्यापेक्षा पहिला आठवडा तुम्ही सोबत बसा, त्या पण माणसं आहेत. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आरबीएसकेची, म्हणजे सरकारच्या बाल आरोग्य तपासणीची, गाडी येते, डॉक्टरांची टीम, त्यांना मूल दाखवा आणि डीईआयसीची चिठ्ठी मागा. डीईआयसी म्हणजे जिल्हा पातळीचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र, फिजिओ, स्पीच, सायकॉलॉजिस्ट, कानाची तपासणी एका ठिकाणी आणि फुकट, सर्टिफिकेट नसलं तरी. ही चिठ्ठी घेऊन गेलात तर बेराचा खर्च पण वाचेल. सहाव्या वर्षी गावच्याच शाळेत घाला, नाव नोंदवताना दिव्यांग अशी नोंद करायला लावा, म्हणजे समग्र शिक्षाचे विशेष शिक्षक त्याच्यापर्यंत पोचतात. इंग्रजी शाळेत घालायचा असेल तर आरटीईच्या २५ टक्क्यांत दिव्यांग मूल वंचित घटकात धरतात, उत्पन्नाचा दाखला लागत नाही, ४० टक्क्यांचं सर्टिफिकेट लागतं. आणि सहा ते अठरा मोफत शिक्षण हा त्याचा हक्क आहे, कुणाचे उपकार नाहीत.

सासूबाईंचं. त्यांना रागावू नका, आपल्या गावात बहिणीच्या लग्नापर्यंत गोष्टी जातात, त्यांची भीती हवेतली नाही. त्यांना एवढं सांगा की हा कागद कपाटात राहतो, तुम्ही दाखवाल तिथेच दिसतो, आणि लहान वयातला तर तात्पुरताच आहे, पाचव्या वर्षापर्यंत पोराने वाढीतली तूट भरून काढली तर आपण तो पुन्हा काढायचाच नाही, कुणी जबरदस्ती करत नाही. काही मुलं खरंच भरून काढतात. बरीच काढत नाहीत, हे त्यांना आज सांगायची गरज नाही. त्या भगताकडे न्यायचं म्हणत असतील तर त्यांचं मन राखायला जाऊन या, फक्त झटक्याच्या गोळ्या बंद करायला आणि डाग द्यायला ठाम नाही म्हणायचं, त्यात कुणाचंही ऐकायचं नाही.

मुंबईचं शेवटी. आत्ता नको. नवी मुंबईत बौद्धिक दिव्यांगांच्या राष्ट्रीय संस्थेचं केंद्र आहे, वांद्र्याला वाणी-श्रवणाची राष्ट्रीय संस्था आहे, दोन्ही चांगल्या, पण ते तुम्हाला जे सांगतील ते रोज घरी करायचंच सांगतील, आणि तिथल्या एका फेरीच्या खर्चात धुळ्याची दोन-तीन महिन्यांची थेरपी होते. आधी बेरा, मग आठवड्यातून दोनदा स्पीच (बोलण्याची) आणि ऑक्युपेशनल (रोजची कामं शिकवणारी) थेरपी, सहा महिने न चुकता, वही चालू ठेवून. सहा महिन्यांत काहीच हाललं नाही, किंवा आलेले शब्द जायला लागले, तर मात्र थांबू नका. शब्द जाणं हे वेगळं लक्षण आहे, त्याला बालमेंदूविकार तज्ज्ञ लागतात, तेव्हा मुंबई काय नाशिक काय, जिथे लवकर नंबर लागेल तिथे.

बोर्डाला जायच्या दिवशी सकाळी लवकर निघा, टोकन संपतात. सोबत एक माणूस जास्तीचा न्या, एकाने मूल सांभाळायचं आणि तुम्ही टेबलावर बसायचं, कारण सगळं तुम्हालाच माहितीये. त्याच्या आवडीचं खायला घ्या आणि एक जादा चड्डी. स्लिपवरचा नंबर फोटो काढून मालकांच्या मोबाइलवर पण पाठवून ठेवा. तारीख मिळाली की मला कळवा, वहीची चार पानं फोटो काढून पाठवलीत तरी मी बघून सांगेन काय राहिलंय ते.